युनियनच्या जुन्या कागदांचं दप्तर कसं लावावं

पिंपरी, भोसरी, आकुर्डीकडच्या युनियनचं जुनं दप्तर बहुधा लोखंडी कपाटात नाहीतर निवृत्त पदाधिकाऱ्याच्या माळ्यावर असतं. हात लावण्याआधी प्रत्येक खणाचा फोटो काढा आणि गठ्ठ्यांना क्रमांक द्या. गठ्ठे सोडून विषयवार लावू नका. मागणीपत्राला चिकटून ठेवलेलं गेटसभेचं पत्रक बहुतेकदा त्याच वादातलं असतं; एकदा वेगळं झालं की ते कुठलं, हे कोणी सांगू शकत नाही.

स्टेपलरची गंजलेली पिन ओढून काढली तर कागद फाटतो. पिनेखाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवा आणि मग टोकं उघडा. सेलोटेप आणि लॅमिनेशन अजिबात नको: टेपचा गोंद पिवळा पडून अक्षरांत उतरतो, लॅमिनेशन तर काढताच येत नाही. फॅक्सच्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं विरत जातात, म्हणून स्कॅनिंग तिथून सुरू करा. मजकुराला ३०० डीपीआय (एका इंचातले ठिपके) पुरतो, फोटोला ६०० ठेवा. पावसाळ्यात गठ्ठे बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. खालचा खण रिकामा ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ तारखांना लागतो. ‘मंगळवारी दुपारी गेटसभा’ एवढंच लिहिलेली पत्रकं ढिगाने निघतात. तिथे मजकुरातल्या खुणा शोधाव्या लागतात. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर पत्रक १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. अनुचित कामगार प्रथेची तक्रार ‘कोर्टात दाखल केली’ असं असेल, तर बहुधा ८ सप्टेंबर १९७५ नंतरचं, कारण अशा प्रथांविरुद्धचा महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा त्या दिवशी अमलात आला. अंदाजाची तारीख चौकटी कंसात लिहा आणि अंदाज कशावरून केला तेही नोंदवा. नाहीतर पुढचा माणूस तुमचा तर्कच पुरावा समजेल.

पगारवाढीच्या जुन्या करारात तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम बघा. १२(३) म्हणजे समेट अधिकाऱ्यासमोर (तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर) झालेला करार, तो सगळ्या कामगारांना लागू व्हायचा. कलम १८(१) चा करार फक्त सह्या करणाऱ्या पक्षांना बांधायचा. म्हणून एकाच कारखान्यात दोन युनियन असतील, तर दोघींचे कागद शेजारी ठेवून वाचा. करारात शेवटी काय ठरलं एवढंच कळतं. भांडण कशावरून पेटलं, हे इतिवृत्ताच्या वहीत आणि पत्रकांतच सापडतं, त्यामुळे ‘फालतू’ म्हणून पत्रकं रद्दीत घालू नका. वर्गणीची पावतीपुस्तकंही ठेवा, संपाच्या महिन्यांत किती जण टिकून होते ते त्यांतून दिसतं. मात्र घरचे पत्ते असलेल्या याद्या कोणाला सरसकट दाखवू नका.

फोटोतली माणसं ओळखायला जुन्या कामगारांना दोघा-तिघांच्या गटात बसवा, एकाचं चुकलं तर दुसरा अडवतो. नावं डावीकडून उजवीकडे, फोटोच्या मागे कडेला, मऊ पेन्सिलीने, दाब न देता लिहा. शाई पुढच्या बाजूला उमटते.