अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका

पुणे महापालिकेचं घोले रोडचं क्षेत्रीय कार्यालय असो, विश्रामबागवाड्याचं असो की सासवडची नगरपालिका, अर्ज दिल्यावर महिनाभराने चौकशीला गेलं की उत्तर येतं, "कधी दिला होता?" त्यावर उपाय आधीच करून ठेवायचा.

१. अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख आणि सही घ्या. शिक्का बऱ्याचदा पुसट उमटतो, म्हणून क्रमांक पेनाने लिहून मागा आणि तिथेच फोटो काढा. छापील पावतीचाही फोटो काढा, तिच्यावरची छपाई काही महिन्यांत उडू शकते.

२. भिंतीवरचा लोकसेवांचा फलक वाचा. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार कोणती सेवा किती दिवसांत, शुल्क किती आणि अपील कोणाकडे, हे कार्यालयाने लावायचं असतं. त्याचाही फोटो घ्या. वयस्कर माणसांना हा फलक कोणी दाखवत नाही, तुम्ही गेलात तर शेजारच्या आजोबांनाही दाखवा.

३. मुदत टळली की तोंडी विनवण्या थांबवा, त्या क्रमांकासह प्रथम अपील द्या. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे. अपिलासाठी साधारण ३० दिवस मिळतात, ते हातचे जाऊ देऊ नका.

एक जपा: मुदत कागदपत्रं पूर्ण असलेल्या अर्जापासूनच मोजतात. त्यामुळे "काही कमी आहे का?" हे पोच घेतानाच विचारा आणि जे सांगतील ते त्याच प्रतीवर लिहून घ्या.