संगणक सुरू होण्यातला वेळ कुठे जातो, आणि तो कसा वाचवावा

लॅपटॉपचे झाकण उघडताच अर्धवट राहिलेले काम समोर येते, मग संगणक सुरू व्हायला किती वेळ लागतो याची चिंता कशाला, असे अनेकांना वाटते. परंतु भारनियमनाच्या गावात यूपीएसविना चालणाऱ्या किंवा शाळेत रोज संध्याकाळी बंद होणाऱ्या डेस्कटॉपला ही सोय नसते. शिवाय सुरू होताना चार-पाच मिनिटे घेणारा संगणक रीस्टार्ट करायला माणूस टाळाटाळ करतो आणि विंडोजचे सुरक्षा अपडेट, जे बहुधा रीस्टार्टशिवाय लागू होत नाहीत, तसेच पडून राहतात. माझ्या मते या विलंबाचा खरा तोटा हाच आहे.

प्रथम वेळ कुठे जातो ते पाहावे. विंडोज १० किंवा ११ मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा व त्यातील स्टार्टअपचे पान पाहावे. तेथे वरच्या बाजूला बहुतेक यंत्रांवर ‘लास्ट बायोस टाइम’ दिसतो. विंडोज सुरू होण्याआधी फर्मवेअरने (म्हणजे यंत्रातच बसवलेल्या बायोससारख्या मूळ प्रोग्रॅमने) घेतलेला हा वेळ असल्यामुळे तो फार मोठा असेल, तर विंडोजमधल्या साफसफाईने कमी होत नाही. त्यासाठी बायोसच्या सेटिंगमध्ये बूटचा क्रम (संगणकाने कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचे तो क्रम) तपासावा आणि विनाकारण जोडलेले पेन ड्राइव्ह काढून पाहावेत.

त्याच पानावर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी असते. सुरू होताना प्रोसेसरचा एका सेकंदाहून अधिक वेळ किंवा डिस्कवरील ३ एमबीहून अधिक वाचन-लेखन घेणाऱ्या प्रोग्रॅमपुढे ‘हाय’ असे लिहिलेले असते. त्यांपैकी चॅट, गेम आणि प्रिंटरचे मदतनीस प्रोग्रॅम निःशंकपणे डिसेबल करावेत. ते काढून टाकले जात नाहीत, हवे तेव्हा उघडता येतात. अँटीव्हायरसला मात्र हात लावू नये.

मोजमाप करताना रीस्टार्टचाच वेळ धरावा, कारण विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो; रीस्टार्टमध्ये मात्र सगळे नव्याने सुरू होते. (‘एकदा बंद करून चालू करा’ हा सल्ला अनेकदा निष्फळ ठरतो तो यामुळेच.)

एवढे करूनही फरक पडला नाही, तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर डिस्कचा प्रकार पाहावा. तेथे एचडीडी (फिरती हार्ड डिस्क) असेल तर दुखणे सापडले असे समजावे. सुरू होताना हजारो लहान फायली वाचाव्या लागतात आणि फिरत्या हार्ड डिस्कला प्रत्येक नव्या जागी पोहोचायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. फिरते भाग नसलेल्या एसएसडी या डिस्कला त्याचा अगदी अल्प अंश पुरतो. रॅम वाढवण्याआधी पैसे इथेच खर्चावेत. अनेक जुन्या लॅपटॉपमध्ये साटा प्रकारच्या जोडणीची अडीच इंची एसएसडी हार्ड डिस्कच्याच जागी बसते. जुन्या डिस्कवरचे सगळे जसेच्या तसे नव्या डिस्कवर उतरवण्यापूर्वी (म्हणजे क्लोन करण्यापूर्वी) महत्त्वाच्या फायलींची वेगळी प्रत काढावी आणि नवी डिस्क काही आठवडे नीट चालेपर्यंत जुनी पुसू नये.