पावसाळ्याआधी शेतातील सेन्सर-बोर्डासाठी बॅटरीची निवड

जमिनीतला ओलावा, तापमान आणि पाऊस नोंदवण्यासाठी रास्पबेरी पायसारखा छोटा कॉम्प्युटर (बोर्ड) शेतात बसवायचा असेल, तर बॅटरी सलग ढगाळ दिवसांचा हिशेब धरूनच घ्यावी. उन्हाळ्यात सुरळीत चाललेला संच झडीत बंद पडतो, आणि बुरशीजन्य रोगांच्या अंदाजासाठी नोंदी नेमक्या त्याच ओल्या दिवसांच्या लागतात.

आधी खप मोजावा. बोर्ड, सेन्सर आणि सिमचा डोंगल असे सगळे जोडून यूएसबी मीटरवर पूर्ण दिवसाचे वॅट-तास पाहावेत. रास्पबेरी पाय ४ हे मॉडेल काही काम नसतानाही अडीच-तीन वॅट घेतो. नुसत्या नोंदींसाठी त्याचाच छोटा प्रकार, पाय झिरो २ डब्ल्यू, पुरतो. त्याचा खप सरासरी १ वॅट धरला तर दिवसाला २४ वॅट-तास लागतात. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणाऱ्या बक कन्व्हर्टरमधली घट धरून २८, आणि तीन ढगाळ दिवसांचे ८४. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्केच वापरायची म्हणजे १०५ वॅट-तास हवेत, १२.८ व्होल्टला ते साधारण ८.२ ॲम्पिअर-तास होतात. बीएमएस (सेलचे रक्षण करणारे सर्किट) असलेली १० किंवा १२ ॲम्पिअर-तासाची घ्यावी.

फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ ॲम्पिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी चाचणीपुरती चालेल. तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्मीच वापरता येते, म्हणजे ४८ वॅट-तास. एवढ्यात पावणेदोन दिवसही निघत नाहीत.

पॉवर बँक शेतात कायमची बसवू नये. २०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ७४ वॅट-तास, आणि ५ व्होल्टवर येताना त्यातूनही घट होते. शिवाय भार फार कमी झाला की अनेक पॉवर बँका आपोआप बंद होतात. काहींचा पुरवठा चार्जिंग सुरू होताना क्षणभर तुटतो. तेवढ्यानेही बोर्ड रीस्टार्ट होतो आणि मेमरी कार्ड बिघडू शकते.

बॅटरी भरलेली असूनही बोर्ड अडखळत असेल तर आधी वायर तपासा. पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पाय कमी व्होल्टेजचा इशारा देतो. बारीक यूएसबी केबल एका मीटरला, १ ॲम्पिअरवर, सुमारे ०.४ व्होल्ट खाते. म्हणून लांबचे अंतर १२ व्होल्टने न्यावे आणि किमान ३ ॲम्पिअरचा कन्व्हर्टर बोर्डाशेजारी बसवावा. व्होल्टेज ५ वर आणणारा ७८०५ रेग्युलेटर इथे नकोच. १२ पैकी ७ व्होल्ट तो उष्णतेत घालवतो. बॅटरीच्या धन टोकाजवळ ३ ॲम्पिअरचा फ्यूज टाकावा.

सोलर पॅनेल ४० वॅटचे घ्यावे. पावसाळ्यात दीड-दोन तासांचेच पूर्ण ऊन धरले, तरी रोजचा खप भागून थोडी भर पडते. पॅनेल आणि बॅटरीच्या मधल्या चार्ज कंट्रोलरवर लिथियमची सेटिंग निवडावी. लेड-ॲसिडची इक्वलायझेशन (जादा व्होल्टेजने चार्ज करण्याची) पद्धत या बॅटरीला अपायकारक आहे.

पायला ॲनालॉग इनपुट नसते, त्यामुळे बॅटरीचे व्होल्टेज आयएनए २१९ या मोजणी-मॉड्यूलने वाचावे. लिथियम आयर्न फॉस्फेट १२ व्होल्टवर आली की बोर्ड आधी रीतसर शटडाउन व्हावा, मगच वीज तोडावी.

पेटी सावलीत, जमिनीपासून उंच ठेवावी आणि केबल खालच्या बाजूनेच आत घ्यावी. बॅटरी ४५ अंशांपेक्षा जास्त तापली असताना चार्ज करू नये. पेरणीची धांदल सुरू होण्याआधी पॅनेल काढून संच तीन दिवस चालवावा आणि बोर्डाच्या लॉगमध्ये कमी व्होल्टेजची नोंद झाली का, ते पाहावे.