उन्हाळ्यात खान्देशात प्रवास करताना अंगातलं पाणी कसं टिकवावं

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जाणं काही नवीन नाही. नेमकी याच सुमारास आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया येते, लेकी माहेरी निघतात, लग्नसराई भरात असते आणि एसटीत पाय ठेवायला जागा नसते. त्यात आपल्याकडचं ऊन कोरडं. घाम येतो तसा वाळून जातो, त्यामुळे अंगातून किती पाणी गेलं ते कळतच नाही. मोटारसायकलवर तर मुळीच नाही. म्हणून तहान लागायची वाट बघू नका.

निघण्याच्या साधारण दोन तास आधी दोन पेले पाणी सावकाश प्या. जादा झालेलं पाणी घरीच लघवीवाटे निघून जातं. हे मुद्दाम बायकांसाठी सांगतोय. वाटेत धड स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने कितीतरी जणी सकाळपासून घोटभर पाणी घेत नाहीत. त्यांची धास्ती खरी आहे, पण पाणी तोडण्याची किंमत फार मोठी पडते: लघवीला जळजळ, संसर्ग, पुढे मुतखडा. त्यापेक्षा थांबे आधी ठरवा. जळगावहून धुळ्याला जाताना एरंडोल, पारोळा लागतं. गाडी कुठे किती थांबणार ते चढतानाच कंडक्टरला विचारा आणि आपल्याला उतरायचंय हे सांगून ठेवा. सोबत म्हातारं माणूस असेल आणि रेल्वेची सोय असेल तर रेल्वेच बरी, स्वच्छतागृह डब्यातच असतं.

बाटली स्टीलची घ्या, तिच्याभोवती जाड सुती फडकं गुंडाळा आणि ते ओलं ठेवा. फडक्यातलं पाणी वाळताना बाटलीची उष्णता ओढून घेतं. जुन्या माणसांच्या छागलीत, म्हणजे पाण्याच्या कॅनव्हासच्या पिशवीत, पाणी गार राहायचं ते याच कारणाने. कोरड्या हवेत हे छान जमतं, मुंबईच्या दमट हवेत तितकं नाही.

पिताना अर्धी बाटली एका दमात रिचवू नका. बसमध्ये बसल्या बसल्या थोड्या थोड्या वेळाने दोन-चार घोट पुरतात. चैत्रात सप्तशृंगी गडाला पायी जाणाऱ्यांनी मात्र उन्हात दर 20 मिनिटांनी पेलाभर प्यावं, पण तासाला दीड लिटरच्या आतच. घामातून मीठही जातं. नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन उलटं दुखणं ओढवतं.

त्यासाठी ओआरएसची पुडी जवळ ठेवा. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, बहुधा एक लिटरमध्ये, ती सगळी एकदम विरघळवा. चिमूट-चिमूट टाकून प्रमाण साधत नाही. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे चमच्यावरची रास बोटाने किंवा सुरीने काढून टाकलेली. मीठ जास्त पडलं तर फायद्याऐवजी अपाय होतो, म्हणून आधी चव घ्या: डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर ते ओतून द्या. केलेलं पाणी 24 तासांत संपवा. रक्तदाब, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी पाण्याचं आणि मिठाचं प्रमाण निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्यावं.

ताक, लिंबू सरबत, उसाचा रस हे सगळं चालतं, फक्त बर्फ नको. तो कुठल्या पाण्याचा ते आपल्याला दिसत नाही. केळी तर आपल्या घरचीच, दोन पिशवीत टाका.

म्हाताऱ्यांना तहान कमी जाणवते आणि लहान पोरं खेळण्याच्या नादात मागत नाहीत. त्यांच्या हातात पेला आपणच द्यायचा. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक; गडद झाली, डोकं ठणकलं, पायात गोळे आले की सावली गाठून मीठ-साखरेचं पाणी सुरू करा.

माणूस बरळायला लागला, अंग तापलं, शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजा. लगेच 108 ला फोन लावा. गाडी येईपर्यंत त्याला सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी मुळीच घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.