इंदूर, ग्वाल्हेर की बडोदा: कुणाचं पाणी भारी, हे ठरवायचं कसं

दिवाळीत सगळे जमले की आमच्या रामबागेतल्या घरी एक भांडण ठरलेलंच. बडोद्याची मावशी म्हणणार आमच्याकडे रोज पाणी येतं बाई, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला आतेभाऊ म्हणणार तिघरा धरण भरलं की ग्वाल्हेरला काय कमी, आणि आपण इंदूरवाले नर्मदेचं नाव घेऊन छाती फुगवणार, नळ एक दिवसाआड तासभर येत असला तरी. शेवटी मी एक्सेल उघडलं. त्यात ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका म्हणून हे लिहितोय, दोन शहरं असोत की वीस, पद्धत तीच.

निर्देशक स्वतःचे शोधत बसू नका. केंद्राच्या शहरी विकास मंत्रालयाने २००८ मध्ये पाण्यासाठी ९ निर्देशक ठरवून दिलेत, लक्ष्यासकट: घरोघरी कनेक्शन १०० टक्के, दरडोई रोज १३५ लिटर, मीटर १०० टक्के, बिल न होणारं पाणी २० टक्क्यांच्या आत, पुरवठा २४ तास, पाण्याची गुणवत्ता १०० टक्के, तक्रारींचं निवारण ८० टक्के, खर्चाची वसुली १०० टक्के, बिलांची वसुली ९० टक्के. तेराव्या वित्त आयोगाच्या काळात शहरांना हे आकडे राजपत्रात छापावे लागायचे, त्यामुळे जुनी वर्षं सापडतात. बाकीचं महापालिकेच्या बजेटमधून काढा, नाहीच मिळालं तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. वर्ष सगळ्यांचं एप्रिल ते मार्चच धरा, एकाचा उन्हाळा आणि दुसऱ्याचा पावसाळा अशी तुलना होत नसते.

आता खरी गोची व्याख्येत आहे. दरडोई १३५ लिटर हे ग्राहकापर्यंत पोचलेलं पाणी, धरणातून उचललेलं नाही, पण बरेच जण उचललेल्या पाण्याला लोकसंख्येने भागून मोकळे होतात आणि शहर एकदम श्रीमंत दिसतं. कनेक्शनचंही तसंच, वीस फ्लॅटच्या बिल्डिंगला एकच कनेक्शन असतं, म्हणून कनेक्शन नाही तर घरं मोजायची. आणि तास म्हणजे दाबाने आलेल्या पाण्याचे तास, नळाच्या जोडणीपाशी निदान ७ मीटर दाब हवा. टुल्लू (नळाला लावायचा छोटा पंप) लावून ओढलेलं पाणी त्यात येत नाही. एक दिवसाआड तासभर येत असेल तर रोजची सरासरी अर्धा तास झाली, एक तास नव्हे. मी आधी एकच लिहिला होता, मावशीने पकडलं.

गळतीची, म्हणजे वरच्या यादीतल्या बिल न होणाऱ्या पाण्याची, टक्केवारी बघून निकाल देऊ नका, इथेच सगळे फसतात. पाइप गळतो तो पाणी दाबाने असतं तेवढाच वेळ, म्हणजे कमी तास पाणी देणारं शहर आपोआप कमी गळकं दिसणार. समजा एका शहरात दर कनेक्शनमागे रोज ६० लिटर वाया जातं पण पाणी येतं सरासरी अर्धाच तास, आणि दुसऱ्यात २०० लिटर वाया जातं पण पाणी ४ तास असतं. दर तासाचा हिशोब केला तर पहिल्याचे १२० लिटर आणि दुसऱ्याचे ५० लिटर, म्हणजे पाइप पहिल्याचे जास्त सडलेत. म्हणून एक कॉलम टक्क्यांचा ठेवा आणि दुसरा दर कनेक्शन दर तास लिटरचा. आणि मीटरच नसतील तर दोन्ही आकडे अंदाजपंचे आहेत हे डोक्यात असू द्या.

विजेचा खर्च तर नुसता रुपयात बघणं म्हणजे अन्याय आहे, आणि हे मी इंदूरचा म्हणून बोलत नाहीये (थोडंसं बोलतोय). आमचं शहर साडेपाचशे मीटर उंचीवर, नर्मदा पार खाली, पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर लांबून विंध्याचा घाट चढून येतं. तिकडे बडोद्याला सयाजीरावांच्या काळातला आजवा तलाव आहे, पाणी उतारानेच शहराकडे येतं, शिवाय मही नदीतल्या फ्रेंच विहिरी (नदीच्या वाळूतून झिरपलेलं पाणी गोळा करणाऱ्या). ग्वाल्हेरला १९१६ चा तिघरा. ही शर्यत सारखी कशी होणार? तर असं करा, हजार लिटरला लागलेली युनिटं घ्या आणि दर १०० मीटर चढावावर आणा. पंपात काहीच वाया गेलं नाही तर हजार लिटर १०० मीटर चढवायला ०.२७ युनिट लागतं, त्याच्या खाली कुणी असेल तर आकडाच चूक आहे. समजा एका शहराला २ युनिटं लागतात आणि चढ ५०० मीटर, म्हणजे ०.४ झालं. दुसऱ्याला ०.३ च लागतं पण चढ फक्त ४० मीटर, म्हणजे ०.७५, आणि वाईट पंप ह्याचेच निघाले ना. युनिट आणि रुपये मात्र वेगळे ठेवा: इंदूरने २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले, जलूदच्या ६० मेगावॉट सोलरसाठी, त्याने बिल कमी होईल पण पंप काही सुधारणार नाही.

पैशात दोनच गोष्टी बघा. बिलांच्या वसुलीत जुनी थकबाकी धरलेली नाही ना, कारण एखाद्या वर्षी अभय योजना (थकबाकीदारांना सवलत) लावली की टक्के शंभरच्या वर जातात. आणि विजेचं बिल दुसऱ्याच खात्यातून तर भरलं जात नाहीये ना, कारण मग पाण्याचा खर्च कमी दिसतो.

मग प्रत्येक आकड्याशेजारी त्याची विश्वासार्हता लिहा. केंद्राच्या पद्धतीत ए ते डी अशा श्रेणी आहेत, ए म्हणजे नीट मोजलेलं, डी म्हणजे अंदाज. शहराचं एमएलडी (रोजचं पाणी, दशलक्ष लिटरमध्ये) कसं काढलं ते विचाराच, बऱ्याचदा पंपावरची पाटी गुणिले चाललेले तास एवढंच असतं, आणि वीस वर्षं जुना पंप पाटीवर लिहिलंय तेवढं पाणी टाकत नाही. ए आणि डी ची तुलना करून नंबर लावायचे नाहीत, त्यापेक्षा त्याच शहराची तीन वर्षं शेजारी ठेवा, व्याख्या तीच असेल तर बदल दिसतो. आतेभावाला हे पटलं नाही, त्याला पहिला नंबर कुणाचा तेवढंच हवं होतं.

आणि जिथे आकडा मिळाला नाही तो खाना रिकामाच ठेवा, शून्य टाकू नका, एक्सेल सरासरी काढताना शून्य मोजतं, रिकामा खाना मोजत नाही.