खवल्यांआधी ट्यूब बघा

त्वचारोगाच्या रेसिडेन्सीसाठी कोकणात येताय, म्हणजे सोरायसिसची लक्षणं पाठ असणारच. कोपर, गुडघे, चंदेरी खवले, खरवडल्यावर दिसणारे रक्ताचे ठिपके. नखं, बेंबी आणि केसांखालची त्वचाही बघा, एवढंच सांगते.

खरी गोची पावसाळ्यात. कपडे वाळत नाहीत, बंदरावरच्या बायका दिवसभर ओल्यात, भातलावणीची माणसं चिखलात. गजकर्ण उठलं की मेडिकलमधून ट्यूब येते. तिच्यात बुरशीच्या औषधासोबत कडक स्टिरॉइड. खाज थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. कड पुसट होते, खवले जातात आणि ओपीडीत येतो तो चट्टा हुबेहूब सोरायसिस नाहीतर इसब वाटतो. मलाही यानंच चकवलं. "काय लावलंत?" विचारलं की "काय नाय" हेच उत्तर. त्यामुळे "काकी, घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून आणा" असं सांगायचं.

मग कडेचे खवले खरवडून केओएच, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधायची तपासणी. बुरशीचं औषध आधीच चालू असेल तर ते निगेटिव्ह येऊ शकतं, म्हणून निर्धास्त होऊ नका. बायोप्सी लागलीच तर ट्यूब दोनेक आठवडे बंद ठेवून, पूर्ण उठलेल्या, न खाजवलेल्या चट्ट्यातून 4 मिमीचा पंच (त्वचेचा गोल तुकडा) घ्या. शक्यतो गुडघ्याखाली नको. फॉर्मवर नुसतं 'सोरायसिस?' लिहिणं हा आळस आहे. वरच्या थरातल्या न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) सोरायसिसमध्ये दिसतात, तशा बुरशीतही. ट्यूबचा इतिहास लिहा आणि पीएएस स्टेन (बुरशी रंगवून दाखवणारा रंग) मागा, नाहीतर बुरशीचे तंतू नजरेतून सुटतात. स्लाइड बघायला स्वतः जा. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून सीनियरचं मत घेण्यापेक्षा पॅथॉलॉजिस्टशेजारी बसलेला अर्धा तास जास्त शिकवतो.

चट्ट्यावर कापसानं संवेदना तपासा. ती हरपली असेल तर कुष्ठरोग आठवा, तो कोकणातून गेलेला नाही. तळहात-तळपायांवर खवले असतील तर व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिससाठीची रक्ततपासणी. वर्षानुवर्षं कमरेखाली हटून बसलेल्या चट्ट्यात मायकोसिस फंगॉइडिस (बुरशी नव्हे, त्वचेतला एक कर्करोग) असू शकतो, आणि तो एका बायोप्सीत सापडेलच असं नाही.

पहिल्याच भेटीत निदान झालं नाही तर घाबरू नका, बहुतेकांना थांबायला वेळ असतो. अंगभर लाल होऊन कुडकुडणाऱ्याला मात्र त्याच दिवशी ॲडमिट करा. आणि अंदाजानं स्टिरॉइडच्या गोळ्या कधीही देऊ नका. सोरायसिस असेल तर त्या बंद करताच अंगभर पूच्या पुळ्या उठू शकतात.