सेलिब्रिटींची मुलाखत घ्यायचीय? आधी बिंगोवाल्या आजींना बोलतं करा

ब्रिटनमध्ये शिकायला आलेली आपली मुलं गणपतीत भेटली की हमखास विचारतात, "ताई, तुमच्यासारखं रेडिओवर नटनट्यांच्या मुलाखती घ्यायच्या तर सुरुवात कुठून करायची?" मी म्हणते, हॉस्पिटल रेडिओपासून, म्हणजे पेशंटसाठी स्वयंसेवक चालवतात त्या छोट्या स्टेशनपासून. की चेहरे पडतात. पडू देत. इथले नावाजलेले रेडिओ निवेदक केन ब्रूस ग्लासगोच्या हॉस्पिटल रेडिओतूनच वर आले. तसेच दुसरे निवेदक सायमन मेयोही हॉस्पिटल रेडिओ आणि बीबीसी रेडिओ नॉटिंगहॅम करत करतच लंडनला पोचले.

तिथे एक पेनीसुद्धा मिळत नाही. वॉर्डात फिरून पेशंटकडून गाण्यांच्या फर्माइशी गोळा करायच्या आणि स्टुडिओत येऊन ती गाणी लावायची, एवढंच काम. पण सगळं शिक्षण त्या वॉर्डात आहे. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वैतागून पडलेल्या आजींना "कसं वाटतंय?" विचारलंत तर "ठीक आहे" मिळेल आणि विषय संपेल. "बिंगोला (म्हणजे आपल्या हाउजीला) तुमच्या शेजारी कोण बसतं?" असं विचारून बघा. मग त्यांना थांबवायचं कसं, हा तुमचा प्रश्न. नट तरी वेगळा कुठे असतो? त्यालाही बोलायचा कंटाळाच आलेला असतो.

पुढची पायरी कम्युनिटी रेडिओ. ही स्टेशनं ऑफकॉम या प्रसारण नियामक संस्थेच्या परवान्यावर, नफा न कमावता, बहुतांशी स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. काही शहरांत रमझानपुरतं रेडिओ स्टेशन सुरू होतं, तेही थोड्या मुदतीच्या परवान्यावर. अशा ठिकाणी माणसं कायम कमी पडतात. मिळेल ती वेळ घ्या, रविवारी पहाटेची असली तरी. तिथल्या कार्यक्रमातून गाणी कापून फक्त तुमच्या बोलण्याचा दोन-तीन मिनिटांचा डेमो बनवा. अख्खा तास पाठवू नका, कोणी ऐकत नाही. सगळ्यात चांगला तुकडा अगदी पहिला ठेवा.

नोकऱ्यांचं म्हणाल तर खोटी आशा दाखवत नाही. बीबीसीचं पहिलं लोकल स्टेशन 8 नोव्हेंबर 1967 ला लेस्टरमध्ये सुरू झालं. खासगी लोकल रेडिओ 1973 मध्ये लंडनच्या एलबीसी या स्टेशनपासून आला. आज खासगी स्टेशनांवरचे बरेचसे कार्यक्रम एकाच जागेहून देशभर जातात, आणि 2023 पासून बीबीसीच्या लोकल स्टेशनांवरही दुपारनंतरचे कार्यक्रम बऱ्याच ठिकाणी शेजारच्या स्टेशनांबरोबर वाटून घेतले जातात. त्याविरुद्ध पत्रकारांनी संपही केला. म्हणजे खुर्च्या कमी झाल्यात. सकाळचे कार्यक्रम अजून आपापल्या गावचे आहेत, नजर तिथे ठेवा.

आता सेलिब्रिटी. ते लोकल रेडिओवर येतात कारण त्यांना तिकिटं खपवायची असतात. नाताळच्या पँटोमाइमसाठी, म्हणजे गाणी आणि विनोदांनी भरलेल्या कौटुंबिक नाटकासाठी, गावच्या थिएटरात टीव्हीवरचा एखादा चेहरा येतो, फेब्रुवारीत लेस्टरला कॉमेडी फेस्टिव्हल भरतो, विनोदवीर दौऱ्यावर निघतात. थिएटरच्या प्रसिद्धी विभागातल्या माणसाशी ओळख ठेवा. लंडनच्या एजंटपेक्षा तो जास्त उपयोगाचा.

दुसरा प्रकार 'रेडिओ डे'. पाहुणा लंडनच्या एका स्टुडिओत हेडफोन लावून बसतो आणि देशभरातली स्टेशनं एकामागून एक त्याच्याशी जोडली जातात. प्रत्येकाला जेमतेम सात-आठ मिनिटं. तुमच्या आधी त्याने "नव्या भूमिकेबद्दल सांगा" किती वेळा ऐकलं असेल, विचार करा. तुमच्या हातात एकच गोष्ट असते जी दुसऱ्या स्टेशनकडे नाही: तुमचं गाव. एक जुना गायक त्याच्या सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी आमच्याशी जोडला गेला तेव्हा आवाजावरूनच कळलं की गडी दमलाय. मी सुरुवातीला सिनेमाचं नावच काढलं नाही. तरुणपणी तो आमच्याकडच्या कामगारांच्या क्लबात गायचा, तर विचारलं, "त्या क्लबात गाणं मध्येच थांबवून बिंगोचे आकडे पुकारायचे का हो?" तो खो खो हसला आणि क्लबच्या सेक्रेटरीची अशी नक्कल केली की आमचा प्रोड्यूसर काचेपलीकडे टेबल बडवत होता. शेवटच्या मिनिटात मी सिनेमाचं नाव आणि तारीख नीट सांगितली. प्रसिद्धीचा तो शब्द पाळायचाच, पाहुण्याचा एजंट लाइनवर ऐकत असतो.

हात बसवायच्या काही गोष्टी. एका वेळी एकच प्रश्न, तोही छोटा. गाडीतला श्रोता मध्येच ऐकायला लागतो, म्हणून पाहुण्याचं नाव दर दोन-तीन मिनिटांनी घ्या. आपल्याला "हं, हं, बरोबर" म्हणत ऐकायची सवय असते. माइकवर ती मुलाखत खाऊन टाकते, एडिटिंगमध्ये निघतही नाही. मान हलवा, तोंड बंद. उत्तर संपलं असं वाटल्यावर एक श्वास थांबा, कारण खरं उत्तर पुष्कळदा तिथून पुढे सुरू होतं. आवाजाची पातळी बघताना इथे "नाश्त्याला काय खाल्लंत?" विचारायची पद्धत आहे. ते उत्तर वाया घालवू नका, पहिला प्रश्न त्यातून निघतो.

कायदा थोडक्यात. पाहुण्याला अटक झाली असेल तर 1981 च्या न्यायालय अवमान कायद्याखाली ते प्रकरण 'सुरू' धरलं जातं. त्यावर ऑन एअर एक शब्दही संपादकाला विचारल्याशिवाय नाही. आणि मुलं शाळेत जाता-येताना रेडिओ ऐकत असतात त्या वेळी, थेट प्रक्षेपणात पाहुण्याने शिवी हासडली तर लगेच माफी मागून पुढे जा. ती शिवी कोणती होती हे समजावत बसू नका (असे महाभाग पाहिलेत).

पैशांचं शेवटी सांगते, कारण ते शेवटीच येतात. बहुतेक काम फ्रीलान्स. कार्यक्रमांचं सूत्रसंचालन, जाहिरातींना आवाज, नाताळचे दिवे लावायचा कार्यक्रम, यावर घरभाडं निघतं. अशी कमाई करवर्षात 1,000 पाउंडांच्या वर गेली की एचएमआरसीकडे (इथलं कर खातं) नोंदणी करावी लागते. मात्र स्टुडंट व्हिसावर असाल तर स्वयंरोजगार चालतच नाही, मग कोणी कितीही प्रेमाने पाकीट पुढे केलं तरी घेऊ नका. तोवर वॉर्डातल्या आजी आहेतच.